पुन्हा विचारू नये

मुलांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर एक पाटी होती. ‘चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे औषध द्यावे. पुन्हा विचारू नये.’ पाटी बघून वाटायचं, वरच्या कुठल्या तरी कचेरीतून हुकूम आला असेल. तसं काही नव्हतं. खिडकीमागे सतरा वर्षं बसणाऱ्या बाईंनी ती स्वतःच जाड पेनाने लिहून चिकटपट्टीने डकवली होती. चिकटपट्टी पिवळी पडून सुटायला आली की त्या वरून दुसरी लावायच्या, त्यामुळे पाटी चांगली जाडजूड झाली होती. या बाईंना सगळा दवाखाना तोंडावर मॅडम म्हणायचा आणि पाठीमागे चिठ्ठीबाई.

काम सांगायला सोपं होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कॉम्प्युटरवर उघडायचं, मुलाचं नाव आणि वजन ताडून बघायचं, छोट्या प्रिंटरमधून चिकटणारी चिठ्ठी काढायची, बाटलीला लावायची आणि बाटली खिडकीतून बाहेर द्यायची. दिवसाला दीडशे बाटल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण तोंडाने फटकळ. कुणी दुसऱ्यांदा काही विचारलं की मान वर न करता बोटाने पाटी दाखवायच्या. खोटं कशाला सांगा, पाटी दाखवताना त्यांना थोडं बरंही वाटायचं.

चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीच्या माणसांनी फावल्या वेळात मिळून तो लिहिला होता. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही उघडून आत काय आहे ते बघावं, आणि काही बिघडलं तर त्यांच्या पानावर जाऊन चारचौघांत सांगावं, अशी त्याची रीत. दवाखान्यात तो बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा त्या पानाचा पत्ता एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवून गेला होता. चार वर्षांत बाईंनी त्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांना गरजच पडली नव्हती.

एका मंगळवारी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर एक बाटली हातात घेऊन आत आल्या. खिडकीशी न थांबता मागच्या दाराने आल्या, यावरूनच बाईंनी ओळखायला हवं होतं. सिस्टरनी बाटली टेबलावर ठेवली आणि चिठ्ठीवर बोट टेकवलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं अर्धा मिली. चिठ्ठीवर छापलं होतं ५ मिली. शून्य नव्हतं, टिंब नव्हतं, नुसता पाच.

“मी भरता भरता थांबले,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “तुमच्या मशीनला काय झालंय बघा.”

बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. तिथे ०.५ अगदी नीट दिसत होतं. म्हणजे भरताना चूक झाली नव्हती, छापताना झाली होती. सिस्टर निघून गेल्या. औषध फिट येऊ नये म्हणून द्यायचं होतं. अर्ध्या मिलीने बाळ शांत राहतं. पाच मिलीने झोपतं, आणि ती झोप कशी असते हे सतरा वर्षांत एकदा त्यांनी पाहिलं होतं.

त्यांच्या मनात पहिल्यांदा आला तो प्रिंटरमधला रोल. रोलची एक भानगड होती आणि ती फक्त त्यांनाच ठाऊक होती. नेहमीचे रुंद रोल अकरा दिवसांपूर्वी संपले होते. औषधविभागाच्या साहेबांचा नियम स्पष्ट होता. रोल संपला तर नवा येईपर्यंत चिठ्ठ्या हाताने लिहायच्या, एकाने लिहायच्या आणि दुसऱ्याने वाचून सही करायची. दिवसाला दीडशे चिठ्ठ्या, आणि बाईंचा उजवा अंगठा थंडीत असा धरायचा की पेन पकडवत नसे. त्यांनी सामानाच्या खोलीतून जुन्या प्रयोगशाळेचा एक अरुंद रोल शोधून काढला, प्रोग्रॅममध्ये कागदाची रुंदी बदलली आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. चिठ्ठ्या बारीक आल्या, पण आल्या. साहेब खिडकीकडे क्वचितच फिरकत. रुंद रोलचा खोका आदल्याच संध्याकाळी आला होता आणि तो अजून बांधलेला होता.

सिस्टर दाराबाहेर पडल्या तशी बाईंनी खोका फाडला, अरुंद रोल ओढून काढला आणि वापरलेल्या कापूस-पट्ट्यांच्या पिवळ्या डब्यात टाकला. तो डबा रोज दुपारी जाळायला जातो. रुंदी पहिल्यासारखी केली. हे सगळं करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि आपण हे केलं याची त्यांना नंतर स्वतःचीच भीती वाटली.

दुपारी त्यांनी मॉनिटरच्या कडेचा तो कागद पुसला. त्यांना खरं म्हणजे मदत नको होती. त्यांना कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं की चूक प्रोग्रॅमची आहे, बाईंची नाही. फोनवर भाचीला विचारून विचारून त्यांनी ते पान उघडलं. भाची कॉम्प्युटरवरच काम करायची, ती म्हणाली, “मावशी, घाबरू नकोस, फक्त आधीचं सगळं वाचून मग लिही, नाहीतर तिथले लोक चिडतात.” पानावर सगळ्यात वर तेच लिहिलेलं होतं. तक्रार करण्याआधी माहिती वाचा, तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. बाईंना ते वाक्य कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण त्या घाईत होत्या.

खाली तीन चौकटी होत्या. तुम्ही काय केलंत? काय व्हायला हवं होतं? काय झालं? दुसरी आणि तिसरी चौकट बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भरली. पहिलीपाशी त्यांची बोटं थांबली. पान सगळ्या जगाला दिसणार होतं. साहेबांनाही दिसणार होतं. त्यांना त्या पानावरचं सगळं ई-मेलने यायचं असं तो सोडून गेलेला माणूस म्हणाल्याचं बाईंना आठवत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘रोजच्यासारखी चिठ्ठी छापली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं. उत्तर देणाऱ्याचं खरं नाव नव्हतं, नुसतं घुबडाचं चित्र होतं, म्हणून बाई त्याला मनातल्या मनात घुबडच म्हणू लागल्या. घुबड काही अंगावर आलं नाही. तक्रार केल्याबद्दल आभार मानले, ही फार गंभीर गोष्ट आहे, मी हातातलं सगळं बाजूला ठेवतोय, असं लिहिलं. आणि एकच विचारलं, कागदाची रुंदी किती होती?

इतका सरळ प्रश्न. बाईंनी रुंद रोलचं माप लिहिलं आणि बटण दाबलं. दाबताना त्यांच्या मनात होतं की आता प्रिंटरमध्ये तोच रोल आहे, म्हणजे हे अगदीच खोटं नाही. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो!

गुरुवारी घुबडाचं शेवटचं उत्तर आलं. त्याने त्याच मापाच्या कागदावर, त्याच औषधाच्या नावाने दोनशे चिठ्ठ्या छापून पाहिल्या होत्या. दोनशेच्या दोनशे बरोबर. ‘या रुंदीच्या कागदावर असं होऊ शकत नाही. आणखी काही कळलं तर जरूर सांगा,’ असं लिहून त्याने तक्रार बंद केली होती. बाईंच्या ओळींशेजारी ‘बंद’ असा शिक्का बसला होता.

ज्याची त्या वाट पाहत होत्या तेच झालं होतं. कुणी रागावलं नाही, कुणाला काही कळलं नाही, विषय मिटला. पण बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. या रुंदीच्या कागदावर होऊ शकत नाही. मग दुसऱ्या रुंदीच्या कागदावर होतं. तोवर त्या स्वतःला सांगत होत्या की एक चिठ्ठी बिघडली, मशीनला उचकी लागली. उचकी नव्हती ती. अकरा दिवस तो रोल प्रिंटरमध्ये होता, आणि त्यावर छापलेल्या चिठ्ठ्या घरोघरी गेल्या होत्या.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्या दिवसांची यादी काढली. घरी गेलेल्यांपैकी एक मिलीपेक्षा कमी औषध लिहिलेली तेवीस मुलं निघाली. बाईंनी फोन लावायला सुरुवात केली. आम्ही तपासणी करतोय, बाटलीवरची चिठ्ठी जरा वाचून दाखवा, असं त्या अगदी थंड आवाजात सांगत होत्या आणि दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरून बसल्या होत्या. कुणी चष्मा शोधायला जाई, कुणी बाटली शोधायला. तेवढा वेळ फोनमध्ये परक्या घरातले आवाज ऐकू येत, भांड्यांचे, पाण्याचे, मुलांचे. मुलाचा आवाज आला की बाई श्वास सोडत. एकवीस चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. बाविसावी चुकलेली होती, पण ती बाटली अजून उघडलीच नव्हती. बाईंनी ती उघडू नका, उद्या सकाळी बदलून न्या, असं तीनदा बजावलं. तीनदा सांगणं हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तेविसावा फोन कुणी उचलेना. चार महिन्यांची मुलगी, फिटचं तेच औषध, दिवसातून दोनदा अर्धा मिली, बाटली देऊन आठ दिवस झालेले. बाईंनी संध्याकाळपर्यंत चौदा वेळा फोन लावला. आठ दिवस म्हणजे सोळा वेळा औषध. हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाईना. घरी यजमानांनी विचारलं, चेहरा असा का, तर त्या अंगठा दुखतोय म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांना सुट्टी होती. सकाळीच त्या कागदावर पत्ता लिहून घेऊन निघाल्या. बसच्या डेपोमागे चार मजली इमारती होत्या, एकीसारखी दुसरी. जिन्यात ओल्या कपड्यांचा वास होता. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाईंना कुठलाच आवाज आला नाही, आणि जिथे तान्हं मूल आहे तिथे आवाज नाही, म्हणून उरलेला जिना त्या भरभर चढल्या. तिसऱ्या मजल्यावर दाराशी त्या उभ्या राहिल्या. कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच ठेवला. परत फिरावं असं त्यांना मनापासून वाटलं. आत काय असेल ते असू दे, पण मला कळू नये, असं वाटलं. मग त्यांनी कडी वाजवली.

दार एका तरुण मुलीने उघडलं. डोळे तारवटलेले, केस कसेबसे बांधलेले. तिने ओठांवर बोट ठेवलं. “हळू, झोपलीय.”

बाईंनी चौकट धरली. “कधीपासून?”

“आत्ताच झोपली. रात्रभर रडत होती, दात येतायत बहुतेक.” मग तिने निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “मॅडम, तुम्ही खिडकीतल्या ना?”

बाई न विचारता आत शिरल्या. खोलीत एक पलंग, एक शिवणयंत्र आणि खिडकीशी ठेवलेली टोपली. टोपलीत बाळ पाय पसरून झोपलं होतं. बाईंनी वाकून त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट वरखाली होत होतं. बाळाने झोपेतच हात झटकला आणि तोंड वाकडं केलं. बाई तिथेच फरशीवर बसल्या.

आई गोंधळून पाणी घेऊन आली. फोन बंद नव्हता, म्हणाली, लेक दचकते म्हणून त्याचा आवाज बंद ठेवते, आणि अनोळखी नंबरला उलट फोन करायची भीती वाटते. बाईंनी बाटली मागितली. चिठ्ठीवर ५ मिली छापलेलं होतं. बाटली जवळजवळ भरलेली होती.

“तू किती देतेस?” बाईंनी विचारलं. खिडकीत त्या सगळ्यांना तुम्ही म्हणत.

ती खाली बघू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “खरं सांगू? मी चिठ्ठीप्रमाणे देत नाही. वॉर्डातल्या सिस्टरनी ड्रॉपरवर खूण करून दिली होती, अर्ध्यापर्यंत. मी तेवढंच देते. चिठ्ठीत पाच आहे, ड्रॉपर तर एक मिलीचाच आहे. पाच वेळा भरून द्यायचं का, ते मला कळलं नाही. एकदा पाच वेळा भरून बघितलं, वाटीत. एवढंसं पोर, मला ते देववेना. आठ दिवस मला वाटतंय, माझ्यामुळे हिला औषध कमी पडतंय आणि हिला पुन्हा फिट येणार.”

“मग विचारायला का नाही आलीस?”

“आले होते,” ती म्हणाली. “परवा आले होते, हिला घेऊन. रांगेत उभी होते. तिथे लिहिलंय ना, पुन्हा विचारू नये. तुम्ही पुढच्या बाईला रागावलात. मग मी परत आले.”

आपण परवा कुणाला रागावलो ते बाईंना आठवेना. त्या रोजच कुणाला तरी रागवत. त्या दिवशी पहिल्या चौकटीपाशी त्यांची बोटं थांबली होती, आणि त्याच आठवड्यात ही पोर मूल कडेवर घेऊन त्यांच्याच खिडकीपासून परत गेली होती. बाईंना फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. वाटीत ओतलेलं ते औषध त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. एखादी आई आज्ञाधारक असती तर?

“तू बरोबर केलंस,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठी चुकलीय. माझ्याकडून चुकलीय.” चिठ्ठी सोलून काढून त्यांनी बाटलीवर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत ‘अर्धा मिली’ लिहिलं, अंगठा दुखत असताना, आणि त्या आईला मोठ्याने वाचायला लावून खाली तिची सही घेतली. साहेबांचा नियम असा एका परक्या घरात पाळला गेला.

तिथून त्या सरळ दवाखान्यात गेल्या. सुट्टी असूनही त्यांना बघून बदलीवर बसलेला माणूस चकित झाला. बाईंनी दुसऱ्या टेबलावर ते पान उघडलं, बंद झालेल्या तक्रारीखाली लिहायला घेतलं आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी एक गोष्ट लपवली होती.’ मग अरुंद रोल, बदललेली रुंदी, अकरा दिवस, पिवळा डबा, चुकीचं सांगितलेलं माप, दोन घरी गेलेल्या चुकीच्या चिठ्ठ्या, सगळं क्रमाने लिहिलं. पाठवायचं बटण दाबून त्या उठल्या आणि तेच सगळं सांगायला साहेबांच्या खोलीत गेल्या, कारण त्यांनी ते पानावर वाचण्याआधी आपल्या तोंडून ऐकावं एवढीच आता इच्छा होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चौकशी होईल, म्हणाले. यादी मागितली. बाई उठल्यावर म्हणाले, “मला मंगळवारी सांगितलं असतंत तर फोन आपण दोघांनी केले असते.” नोकरीचं काय होणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

घुबडाला चूक सापडायला चाळीस मिनिटं लागली. अरुंद कागदावर औषधाचं नाव लांब असलं की आणि आकडा शून्याने सुरू होत असला की प्रोग्रॅम जागा करण्यासाठी आकड्याचा तेवढा भाग छाटत होता. ०.५ मधलं शून्य आणि टिंब गेलं की उरतो पाच. घुबडाने चूक दुरुस्त केली, सगळ्यांना नवा प्रोग्रॅम घ्यायला सांगितलं आणि बाईंना लिहिलं, ‘हे लिहिणं सोपं नव्हतं, मला कळतं. रुंदी कळली नसती तर मला कधीच सापडलं नसतं.’

शनिवारी कामावर आल्यावर बाईंनी आधी खिडकीवरची पाटी काढली. चिकटपट्टीचे थर नखाने खरवडावे लागले, आणि काचेवर चौकोनी डाग राहिलाच. मग त्यांनी ते पान उघडलं. वाटलं होतं, आता भीती संपेल.

त्या पानावर एक रीत होती. कुणाच्या तक्रारीखाली दुसऱ्या कुणी अंगठ्याचं चित्र लावलं की त्याचा अर्थ, आमच्याकडेही हेच होतं. बाईंच्या ओळींखाली नऊ अंगठे लागले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत दहावा लागला. एकानेही शब्द लिहिला नव्हता. दहा अंगठे म्हणजे दहा अरुंद रोल, कुठेकुठे असलेल्या दहा औषधखोल्या, आणि प्रत्येकीपासून निघून घरोघरी गेलेल्या चिठ्ठ्या. त्यांनी मंगळवारीच रोलचं खरं लिहिलं असतं तर या दहा जणांना मंगळवारीच कळलं असतं.

खिडकीशी एक बाप बाटली घेऊन उभा होता आणि चाचरत विचारत होता, जेवणाआधी की नंतर. बाईंनी त्याला सांगितलं, परत सांगितलं, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं. तो गेल्यावर त्या पुन्हा पानाकडे वळल्या. अकरावा अंगठा लागला होता. त्यांनी खाली लिहायला सुरुवात केली.

‘नुसता अंगठा लावू नका. गेलेल्या चिठ्ठ्यांची यादी काढा. आजच फोन करा. फोन कुणी उचलला नाही तर घरी जा.’